बक्षीस नेमकं कशाला मिळालं? मुलांचा मेंदू शाबासकीतून आणि चुकांतून कसा शिकतो

खेळणी आवरलीस तर रोज एक स्टिकर, असं ठरतं. पहिले तीन-चार दिवस खोली लख्ख. पुढच्या आठवड्यात विचारणा होते, "आज दोन देणार का?" आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात तक्ता कपाटावर चिकटलेला असतो, खेळणी जमिनीवर पसरलेली असतात. मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, बक्षिसांनी मुलं लालची होतात, बंद करा हे. दुसरा म्हणतो, बक्षीसच लहान पडलं, मोठं द्या.

मला दोघांचंही निदान चुकलेलं वाटतं. बक्षीस लहान की मोठं, हा मेंदूच्या लेखी दुय्यम प्रश्न आहे. त्याचं लक्ष असतं दोन गोष्टींकडे: मिळालं ते अपेक्षेपेक्षा जास्त होतं की कमी, आणि ते मिळण्याच्या लगेच आधी मी काय केलं होतं. घरात आणि वर्गात बक्षिसं का फसतात, शाबासकी कधी लागू पडते, चूक दाखवल्यावर काही मुलं सुधारतात आणि काही पेन्सिल टाकून का देतात, याची बरीचशी उत्तरं या दोन गोष्टींत सापडतात.

आधी थोडं मेंदूबद्दल

वोल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूशास्त्रज्ञांनी माकडांच्या मेंदूतल्या, डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींची हालचाल अतिसूक्ष्म इलेक्ट्रोड वापरून टिपली. माकडाला अधूनमधून फळांच्या रसाचे थेंब मिळत. सुरुवातीला रस मिळाला की या पेशी जोरात चेतत. मग रस येण्याच्या थोडं आधी एक खूण दाखवायला सुरुवात झाली. माकडाला खूण आणि रस यांचा संबंध कळला, तशा पेशी खूण दिसताच चेतू लागल्या आणि प्रत्यक्ष रस मिळाला तेव्हा ढिम्म राहिल्या. सगळ्यात बोलकी गोष्ट यापुढची. खूण दाखवली पण रस दिलाच नाही, तर ज्या क्षणी तो यायला हवा होता नेमक्या त्याच क्षणी त्यांची हालचाल नेहमीच्या पातळीच्याही खाली गेली.

१९९७ साली शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी 'सायन्स' या नियतकालिकात याचा अर्थ मांडला. या पेशी बक्षीस मोजत नाहीत, अंदाज किती चुकला ते मोजतात. मिळालेल्यातून अपेक्षित वजा करा. उत्तर शून्याच्या वर आलं तर 'आत्ता जे केलंस ते पुन्हा कर', शून्याच्या खाली आलं तर 'यात काही राम नाही', आणि शून्यच आलं तर शिकण्यासारखं नवीन काही नाही. मुलांच्या मेंदूत कुणी इलेक्ट्रोड बसवत नाही, पण एमआरआय स्कॅनरमध्ये खेळ खेळायला देऊन केलेल्या अभ्यासांत, मेंदूच्या आतल्या भागात असलेल्या स्ट्रायटममध्ये, मुलांमध्येही हाच चुकलेल्या अंदाजाचा संकेत दिसतो.

डोपामिन म्हणजे 'आनंदाचं रसायन' हे समीकरण व्हॉट्सॲपवर इतकं फिरलं आहे, की आता ते पुसणं कठीण. तरी शिकण्याचा विषय निघाला की ते बाजूला ठेवलेलंच बरं. इथे डोपामिनचं काम आहे ते 'अंदाज बदल' हा निरोप पोचवण्याचं.

आता स्टिकरच्या तक्त्याकडे बघा. पहिल्या दिवशी स्टिकर अनपेक्षित होता. दहाव्या दिवशी तो गृहीत आहे, वजाबाकी शून्यावर आली. आणि एखाद्या दिवशी आई विसरली, तर तोच स्टिकर न मिळणं ही शिक्षा ठरते. मूल लालची झालेलं नाही. त्याचा मेंदू हिशेबाला पक्का आहे.

पायरी पहिली: सध्या बक्षीस कशाला मिळतंय, ते शोधा

काहीही बदलण्याआधी तीन-चार दिवस फक्त बघा. जे वर्तन खटकतं त्याच्या आधी काय घडलं, मुलाने काय केलं, आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात त्याला काय मिळालं, या तीन रकान्यांत टिपून ठेवा. तिसऱ्या रकान्यात बहुतेक वेळा आपलंच पितळ उघडं पडतं.

झोपायच्या वेळी मोबाईल हवा असतो. आई "नाही" म्हणते. मूल कुरकुरतं. "नाही." आवाज चढतो. "नाही म्हटलं ना एकदा!" मग रडणं, पाय आपटणं, आणि दिवसभराने दमलेली आई म्हणते, "बरं घे, पण पाचच मिनिटं." आईला वाटतं, मी तीन वेळा नकार दिला. मुलाच्या मेंदूत नोंद झाली ती अशी: कुरकुरून काही होत नाही, पाय आपटल्यावर होतं. उद्याची सुरुवात थेट तिथून होणार. गंमत म्हणजे शिकवणी दोन्ही बाजूंनी चालू आहे. मोबाईल दिला की घर शांत होतं, हे आईच्या मेंदूनेही तितक्याच तत्परतेने नोंदवलेलं असतं.

त्यात आपण कधी ठाम राहतो, कधी विरघळतो. याने परिस्थिती आणखी चिघळते. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात कबुतरं आणि उंदरांवर केलेल्या प्रयोगांत हे स्वच्छ दिसलं होतं: दर वेळी बक्षीस मिळणारी कृती बक्षीस थांबताच लवकर थांबते, पण अधूनमधून, बेभरवशी बक्षीस मिळणारी कृती कितीतरी जास्त वेळ चिवटपणे चालू राहते. दहापैकी दोनदा मिळणारा मोबाईल हा रोज मिळणाऱ्या मोबाईलपेक्षा हट्ट जास्त पक्का करतो. म्हणून जे द्यायचं नाही ते कधीच देऊ नका, आणि शेवटी द्यावंच लागणार असेल तर पहिल्या मागणीलाच द्या. हा दुसरा सल्ला अनेकांना रुचत नाही, पण रडण्याआधी दिलेला होकार रडल्यानंतरच्या होकारापेक्षा केव्हाही बरा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. देणं बंद केल्यावर सुरुवातीला रडणं कमी होत नाही, वाढतं. जी युक्ती कालपर्यंत चालत होती ती मूल दुप्पट जोराने करून बघतं. याच टप्प्यावर बहुतेक घरं माघार घेतात आणि मुलाला दुप्पट जोराचं बक्षीस मिळून जातं. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना हे सुरू करण्याआधीच विश्वासात घ्या. एकाने 'नाही' म्हणायचं आणि दुसऱ्याने मागच्या खोलीत नेऊन द्यायचं, असं झालं तर सगळंच मुसळ केरात.

तिसऱ्या रकान्यात आणखी एक बक्षीस वारंवार सापडतं: आपलं लक्ष. शांतपणे खेळणाऱ्या मुलाकडे कुणी बघत नाही, आणि त्याने भावाला चिमटा काढला की आई हातातलं काम टाकून येते, डोळ्यांत डोळे घालून पाच मिनिटं बोलते. शब्द रागाचे असतात हे खरं, पण ती पाच मिनिटं पूर्णपणे त्याची असतात. यावर उपाय सोपा आहे आणि त्यासाठी कुठला तक्ता लागत नाही. मूल नीट खेळत असताना जाता जाता थांबा, एक वाक्य बोला, पाठीवर हात ठेवा, पुढे जा.

पायरी दुसरी: एकच वर्तन, तेही लहान

"नीट वाग" हे वर्तन नव्हे. "शाळेतून आल्यावर दप्तर खुंटीला लाव" हे वर्तन आहे. झालं की नाही, हे दोन माणसं वाद न घालता सांगू शकतील, इतकं ते स्पष्ट हवं. आणि ते आज, मदतीने का होईना, मुलाला जमण्यासारखं हवं. जे कधी घडतच नाही त्याला बक्षीस द्यायची वेळच येत नाही, आणि जिथे बक्षीस नाही तिथे शिकणंही नाही. सगळी खोली आवरणं जमत नसेल तर ठोकळे डब्यात टाकणं एवढंच ठरवा. ते अंगवळणी पडलं की पुस्तकं.

पायरी तिसरी: वेळ साधा, शब्द पाळा

लहान मुलाचा मेंदू बक्षिसाचं श्रेय ताज्या कृतीला देतो. दुपारी ठोकळे आवरले, संध्याकाळी शाबासकी मिळाली, आणि त्याच्या दोन मिनिटं आधी मूल बहिणीशी भांडत होतं. चार वर्षांच्या मुलाने यातून काय धडा घ्यावा? म्हणून तीन ते सहा वयात प्रतिसाद जागच्या जागी, काही सेकंदांत. उशीर अटळ असेल तर शब्दांनी दुवा जोडा: "दुपारी मी सांगायच्या आधीच तू ठोकळे डब्यात टाकलेस ना, त्याबद्दल." मूल मोठं होतं तसा हा दुवा जास्त काळ टिकतो. 'वार्षिक परीक्षेत चांगले गुण मिळाले तर सायकल' हे आमिष आठ वर्षांच्या मुलाच्या आजच्या अभ्यासावर जवळजवळ काहीच परिणाम करत नाही. सायकल आणि आजचं पान यांच्यात त्याच्या दृष्टीने एक युग असतं.

वचनाची गोष्ट मात्र वयाच्या पलीकडची. सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला एक छोटासा प्रयोग मला या सगळ्या विषयातला सर्वांत उपयुक्त वाटतो. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना चित्रं काढायला बसवलं आणि मोठ्या माणसाने सांगितलं, थांब, याहून छान साहित्य घेऊन येतो. अर्ध्या मुलांना ते खरंच मिळालं. उरलेल्यांना "माफ कर, नाही सापडलं" असं ऐकायला मिळालं. मग त्याच मुलांसमोर एक मार्शमॅलो (मऊ, गोड मिठाई) ठेवून, थोडं थांबलास तर दोन मिळतील, असं सांगितलं. ज्यांना शब्द पाळणारा माणूस भेटला होता ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. ज्यांची निराशा झाली होती ती ३ मिनिटं.

आपल्याला जो 'संयमाचा अभाव' दिसतो, तो पुष्कळदा मुलाने आपल्या वचनांबद्दल बांधलेला बिनचूक अंदाज असतो. तेव्हा मोठं काही कबूल करण्यापेक्षा लहान कबूल करा आणि ते वेळेवर द्या. जमणार नसेल तर कबूल करूच नका. अनपेक्षितपणे दिलं तर ते कमी वेळात जास्त शिकवतं, हे वर आलंच आहे.

पायरी चौथी: बक्षीस कुठे द्यायचं नाही, ते ठरवा

१९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत, रंगीत मार्कर पेनने चित्रं काढायला आवडणारी मुलं निवडली. एका गटाला आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला तेच प्रशस्तिपत्र चित्रं काढून झाल्यावर अचानक दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या खेळाच्या वेळी तेच पेन पुन्हा ठेवले. आधी कबूल करून बक्षीस मिळालेली मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ त्या पेनांकडे वळली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र तशीच राहिली.

यावर पुढे बरंच रण माजलं. जुडी कॅमरन आणि डेव्हिड पिअर्स यांनी १९९४ मध्ये उपलब्ध प्रयोग एकत्र करून म्हटलं, बक्षिसांनी आवड मरते ही भीती सरसकट खरी नाही. १९९९ मध्ये एडवर्ड डेसी, रिचर्ड कोस्टनर आणि रिचर्ड रायन यांनी १२८ प्रयोगांचा आढावा घेऊन उलट निष्कर्ष काढला: आधी जाहीर केलेलं, हातात मिळणारं बक्षीस आवडत्या कामाची गोडी कमी करतं, आणि लहान मुलांत जास्त. घरासाठी याचा व्यवहारी अर्थ काढायला हा वाद मिटण्याची वाट बघायला नको. मूल जे आपणहून करतं, म्हणजे चित्रं, गोष्टीची पुस्तकं, प्रश्न विचारणं, मुंग्या बघत बसणं, त्याला बक्षीस जाहीर करू नका. 'दहा पुस्तकं वाच, खेळणं घे' ही योजना वाचनाची आवड असलेल्या मुलासाठी तर साफ चुकीची. ते मूल पातळ पुस्तकं शोधू लागेल, आणि त्यात त्याचा दोष नसेल.

मदत करण्याबद्दलही हेच. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००८ मध्ये वीस महिन्यांच्या बाळांवर केलेल्या प्रयोगात, मदतीबद्दल वस्तू मिळालेली बाळं नंतर मदतीला कमी उठली.

याउलट, ज्या कामात स्वतःची अशी काही गंमत नाही आणि फायदा फार उशिरा दिसतो, जसं दात घासणं, औषध घेणं, रोजचा हस्ताक्षराचा सराव, तिथे छोटं बक्षीस खुशाल द्या. तिथे आवड नसतेच, तर मरणार काय?

पायरी पाचवी: शाबासकीत माहिती भरा

"वा, हुशार आहेस!" या वाक्यात मुलाला वापरता येईल असं काही नाही. पुढच्या वेळी हुशार कसं व्हायचं? क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये पाचवीतल्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. सोपी कोडी सोडवल्यावर काहींच्या हुशारीचं कौतुक झालं, काहींच्या मेहनतीचं. मग सगळ्यांना मुद्दाम कठीण कोडी दिली. त्यानंतर पुन्हा सोपी कोडी आली तेव्हा हुशारीचं कौतुक झालेली मुलं स्वतःच्याच आधीच्या गुणांहून खाली घसरली, आणि अनोळखी मुलांना आपले गुण कळवताना त्यांच्यातल्या जास्त जणांनी ते वाढवून सांगितले. या कल्पनेवर उभ्या राहिलेल्या शालेय कार्यक्रमांचा परिणाम नंतरच्या मोठ्या पाहण्यांत सरासरीने छोटाच दिसला, म्हणून यातून चमत्काराची अपेक्षा नको. पण शब्द बदलायला काही पडत नाही, तेव्हा बदलावेत.

फक्त 'मेहनत' हा नवा मंत्र करू नका. चुकीच्या पद्धतीने तासभर झगडलेल्या मुलाला "छान मेहनत केलीस" म्हणणं म्हणजे त्याच पद्धतीला शाबासकी देणं. कशामुळे काम झालं, ते नाव घेऊन सांगा: "शब्द अडला तेव्हा तू तो तोडून वाचलास, म्हणून पुढचं वाक्य लागलं." "दोन वेळा कोसळल्यावर तू खाली रुंद ठोकळे लावलेस." कौतुकाचा आवाज लहान, तपशील मोठा.

अतिशयोक्तीपासूनही सावध राहा. एडी ब्रुमेलमन यांच्या गटाने २०१४ मध्ये आठ ते बारा वर्षांच्या मुलांना व्हॅन गॉगच्या एका चित्राची नक्कल करायला लावली आणि काहींना 'सुंदर', काहींना 'विलक्षण सुंदर' असा अभिप्राय दिला. स्वतःबद्दल कमी विश्वास असलेली मुलं 'विलक्षण'नंतर सोपी चित्रं निवडू लागली. अपेक्षेची पट्टी इतकी वर गेल्यावर पुढचं कुठलंही चित्र वजाबाकीत शून्याखालीच जाणार, मग धोका पत्करायचा कशाला? आणि आपण अतिशयोक्ती नेमकी अशाच मुलांसाठी जास्त करतो, हेही त्याच अभ्यासांत दिसलं.

पायरी सहावी: चूक झाल्यावर

इथे जरा थांबून, एकच गणित जवळून बघू.

५२ − २७ = ३५. वहीत असं लिहिलेलं आहे. मुलाने काय केलं असेल? एककात २ आणि ७. सातातून दोन गेले, पाच. दशकात पाचातून दोन गेले, तीन. त्याच्या डोक्यातला नियम आहे: मोठ्या अंकातून लहान अंक वजा कर. हा निष्काळजीपणा नाही, हा शिकलेला नियम आहे. कुणी शिकवला? आधीच्या पानावरच्या 'बरोबर'च्या खुणांनी. ५९ − २७, ६८ − ३४, ७५ − ४२ या सगळ्यांत हा नियम अचूक उत्तर देतो, आणि दर वेळी त्याला शाबासकी मिळालेली आहे. मेंदूने दिलेल्या माहितीवरून योग्यच निष्कर्ष काढला. आपण दिलेली माहिती अपुरी होती.

आता आपल्या हातात पर्याय काय? लाल फुली मारली, तर काहीतरी चुकलं एवढंच कळेल, काय ते नाही. "२५ लिही" म्हटलं तर मूल खोडून २५ लिहील आणि पुढच्या गणितात पुन्हा तेच करील. "लक्ष कुठे असतं तुझं?" म्हटलं, तर मुलाचं लक्ष गणितावरून उठून स्वतःवर आणि तुमच्या चेहऱ्यावर जाईल. अब्राहम क्लूगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये फीडबॅकवरच्या अभ्यासांचा मोठा आढावा घेतला. सरासरीने फीडबॅकचा फायदा होतो, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा कामगिरी फीडबॅकनंतर बिघडली, आणि लक्ष कामावरून स्वतःकडे वळवणारा फीडबॅक त्यात पुढे होता.

हवं आहे ते असं, की मुलाचा अंदाज मुलाच्याच डोळ्यांसमोर चुकावा. विचारा: "५२ मधून आधी नुसते २० काढले तर किती?" "३२." "अजून सात काढायचेत. मग उत्तर ३२ पेक्षा जास्त येईल की कमी?" "कमी." आणि मग काही न बोलता वहीतल्या ३५ कडे बोट दाखवा. इथे जो क्षणभराचा थबका येतो, भुवया वर जातात, तो वाया घालवू नका आणि स्वतः बोलून भरूही नका. तीस सेकंद गप्प बसणं पालकांना फार जड जातं. बसा.

मग दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या द्या. सात काढायचे, हातात दोनच. एक गठ्ठा सोडायचा, झाल्या बारा सुट्या, गठ्ठे उरले चार. हे मुलाला हाताने करू द्या. उत्तर २५ आलं की ताळा करायला लावा: २५ आणि २७ किती? ५२. आधीचं ३५ आणि २७ किती? ६२. बरोबर की चूक हे आता वही सांगते आहे, तुम्ही नाही. लगेच तसंच दुसरं द्या, ६४ − ३८. आणि त्यानंतर एक बिनहातच्याचं आणि एक हातच्याचं असं मिसळून द्या. सगळी हातच्याची दिलीत तर 'नेहमी गठ्ठा सोडायचा' हा नवा चुकीचा नियम पक्का होईल.

आश्चर्य शिकायला मदत करतं, हे अगदी तान्ह्या वयापासून दिसतं. एमी स्टाल आणि लिसा फायगेन्सन यांच्या २०१५ च्या प्रयोगात अकरा महिन्यांच्या बाळांना, भिंतीतून आरपार गेल्यासारखा दिसणारा चेंडू दाखवला. नंतर त्या चेंडूबद्दलची नवी माहिती बाळांनी जास्त चांगली शिकली, आणि तो हातात दिला तर आपटून, तो खरंच टणक आहे का याची परीक्षा घेतल्यासारखा तपासला. मोठ्यांतही, ज्या उत्तराबद्दल पक्की खात्री होती ते चुकलं तर दुरुस्ती जास्त चांगली लक्षात राहते. म्हणून उत्तर तपासण्याआधी मुलाला विचारत चला: "किती खात्री आहे?" खात्री सांगितल्याशिवाय अंदाज बांधला जात नाही, आणि अंदाजच नसेल तर चुकणार काय?

चूक किती आणि कशी दाखवायची, हे वयावरही ठरतं. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठात एव्हलिन क्रोन यांच्या गटाने २००८ मध्ये ८-९ वर्षांची मुलं, ११-१३ वर्षांची मुलं आणि तरुण यांची तुलना केली. नियम शोधण्याच्या खेळात लहान मुलांच्या मेंदूचे, वागणं बदलायला लावणारे भाग 'बरोबर' ऐकल्यावर जास्त चेतत होते, तरुणांचे 'चूक' ऐकल्यावर. मधली मुलं मधेच होती. 'चूक' या शब्दातून शिकण्यासाठी आधी आपण काय केलं ते आठवावं लागतं, मग दुसरं काय करता येईल ते शोधावं लागतं. हे काम मेंदूच्या पुढच्या भागातल्या ज्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचं, तो विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. दुसरीतल्या मुलाला 'हे नको' सांगण्यापेक्षा 'हे कर' सांगा आणि जमल्याचं लगेच कळवा. सातवीतल्या मुलीबरोबर बसून चूक उलगडता येते.

किशोरवयात चित्र पुन्हा पालटतं. जेसिका कोहेन आणि सहकाऱ्यांच्या २०१० च्या अभ्यासात, अपेक्षेपेक्षा जास्त मिळाल्याचा स्ट्रायटममधला संकेत लहान मुलांपेक्षा आणि मोठ्यांपेक्षाही किशोरांत तीव्र होता. मित्रांच्या एका 'लाइक'पुढे घरची शाबासकी फिकी का पडते, हे यावरून थोडं समजून घेता येतं. या वयात तक्ते लावू नका, हास्यास्पद दिसतं. निर्णयात वाटा द्या आणि परिणाम त्यांना दिसू द्या.

पायरी सातवी: बक्षीस काढून घेणं

बहुतेक तक्ते इथे मरतात, कारण शेवट कुणी ठरवलेलाच नसतो. सुरुवातीला दर वेळी द्या, म्हणजे संबंध पक्का होतो. वर्तन आठवडाभर बिनबोभाट घडू लागलं की कधी द्यायचं कधी नाही असं करा, पण आधी जाहीर न करता. जाहीर केलेलं चुकवलं तर ती निराशा, न जाहीर केलेलं दिलं तर ते आश्चर्य. वस्तू आधी कमी करा, शब्द नंतर, आणि शब्दांतही हळूहळू तुमच्या कौतुकाच्या जागी कामाचं फळ आणा: "दप्तर खुंटीला होतं, म्हणून सकाळी वही पटकन सापडली." एकदा मिळालेला स्टिकर दुसऱ्या चुकीसाठी काढून घेऊ नका. दोन हिशेब एकमेकांत मिसळले की मुलाला कुठलाच कळत नाही.

दोन आठवडे नीट करूनही काहीच हललं नाही, तर बक्षीस वाढवण्याआधी तीन गोष्टी तपासा. काम मुलाच्या आवाक्यात आहे का? प्रतिसाद उशिरा येतोय का? आणि दुसरीकडून कुणी मोठं बक्षीस उलट वर्तनाला देतंय का? बहुतेक वेळा उत्तर तिसऱ्यात असतं.

काही मुलांना हे सगळं इतरांपेक्षा जास्त वेळा, जास्त लवकर आणि जास्त काळ लागतं. एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जाण्याची स्थिती) असलेल्या मुलांना लांबच्या बक्षिसाची वाट बघणं विशेष जड जातं, आणि तात्काळ, वारंवार मिळणारा प्रतिसाद त्यांना लागू पडतो. चार-पाच वर्षांच्या अशा मुलांसाठी औषधाआधी पालकांना वर्तनाचं प्रशिक्षण द्यावं, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. घरी आणि शाळेत, दोन्हीकडे, महिनोन्‌महिने तीच अडचण दिसत असेल तर बालरोगतज्ज्ञांना किंवा बालमानसतज्ज्ञांना भेटा, आणि जाताना पहिल्या पायरीतला तो तीन रकान्यांचा कागद सोबत न्या. 'खूप त्रास देतो' या वर्णनापेक्षा त्यांना त्यातून कितीतरी जास्त कळेल.